चित्र आणि ध्वनी यांची फारकत

प्रश्न : शिमग्याच्या पालखीची व्हीएचएस फीत आणि त्याच वेळी मिनीडिस्कवर घेतलेला ढोलताशांचा ध्वनी मी संगणकावर एकत्र उतरवतो, आरंभी जुळणारा ध्वनी तासाभराने मागेपुढे होतो. उपाय काय?
— एक वाचक, बुरोंडी (ता. दापोली)

उत्तर : आपल्याकडील पाल पद्धतीत चित्राच्या सेकंदाला २५ चौकटी असतात व त्यांची गती व्हीसीआर ठरवतो, तर मिनीडिस्कवरील ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने त्या यंत्राच्या स्वतंत्र घड्याळाबरहुकूम येतात, या दोहोंत १०,००० मध्ये एकाची तफावत असली, तरी तासाअखेर ९ चौकटींचे अंतर पडते, आणि टिपरू आधी पडून ढोल मागाहून वाजतो. म्हणून फितीवरचा मूळ ध्वनी, तो कितीही खरखरीत असो, चित्रासोबत एकाच कॅप्चर यंत्रातून अवश्य घ्यावा, मिनीडिस्कचा निराळा उतरवावा, आणि संपादनाच्या वेळी पहिला व अखेरचा असे दोन्ही ठोके मूळ ध्वनीशी ताडून मधला भाग त्या प्रमाणात ताणावा किंवा आखडावा. (केवळ पहिल्या ठोक्यावर विसंबण्याची हयगय बहुतेकांकडून होते.) समुद्रकाठच्या दमट हवेने फितीवर पांढरी बुरशी धरली असल्यास ती आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी, अन्यथा व्हीसीआरचे हेडही खराब होते.