थकलेला आणि आळशी



निंदणाचे दिवस असोत की कापूस वेचणीचे, आपल्या वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत एक गोष्ट नित्य दिसते. दुपारी धुऱ्यावरच्या निंबाखाली कोणी घटकाभर पडलेला असतो. वाटेने कोणी येताना दिसले की तो धडपडून उठतो व विळा हाती घेतो. त्याने चोरी केलेली नसते. तो केवळ थकलेला असतो. घरातील बाई तर भिंतीला पाठ टेकायची झाली तरी मांडीवर डाळीचे सूप घेऊनच टेकते. आणि तीन गावांच्या सभा आटोपून अंगात ताप घेऊन परतलेला उपदेशक, आपण प्रभूचे काम बुडवीत आहो, या विचाराने अंथरुणावर तळमळत असतो. ही लाज कोठून आली, याचा विचार आजच्या पाठात करू.

प्रथम निर्गमाचा पाचवा अध्याय वाचावा. इस्राएल लोकांनी तीन दिवसांच्या वाटेवर जाऊन देवाची उपासना करण्याची परवानगी मागितली. फारोने उत्तर काय दिले? त्याने त्यांस आळशी ठरविले, विटांसाठी मिळणारा भुसा बंद केला, आणि विटांची संख्या मात्र तितकीच ठेवली. थकलेल्यास आळशी म्हणण्याची रीत अशी फार जुनी आहे, व ती कोणाच्या तोंडून निघाली हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता अनुवाद ५ यातील १२ ते १५ ही वचने पाहा. शब्बाथाची आज्ञा निर्गम २० मध्येही आहे; तेथे तिचे कारण सृष्टीची उत्पत्ती हे आहे. अनुवादात मात्र कारण निराळे आहे. तुम्ही मिसरात दास होता, याची आठवण त्या ठिकाणी दिली आहे. दासाला स्वतःचा दिवस नसतो. म्हणून सुटलेल्या लोकांस देवाने जे नियम दिले, त्यांत विसाव्याचा नियम घातला, आणि तो घरधन्यापुरता न ठेवता मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव व वेशीच्या आतला परका, या सर्वांस लागू केला. या यादीत पत्नीचे नाव नाही. तिचा समावेश घरधन्यातच होतो, असे टीकाकार सांगतात, आणि ते खरेही असेल. परंतु आमच्या पुष्कळ घरांत ती यादीतून खरोखरीच गळली आहे.

बैलाविषयी आपल्या गावांस शिकविण्याची गरज नाही. श्रावण अमावास्येस पोळा येतो. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तूप लावून शेकतात, आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवण्यास कोणीही शेतकरी धजत नाही. जनावराच्या खांद्याची ज्या गावाला एवढी जाण आहे, तेथेच सालदाराने एक दिवस मागितला तर कपाळाला आठ्या पडतात!

मनुष्यांस हा दिवस मागूनच घ्यावा लागला आहे. आपल्या वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबईकडे जात असे, तेथील गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले व आठवड्याची ठरलेली सुटी नसे. जोतीराव फुले यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारची सुटी व दुपारी अर्ध्या तासाचा विसावा या मागण्या होत्या. अर्जावर लगेच काही झाले नाही. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीस सुमारे दहा हजार कामगार जमले, व दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कारखान्यांच्या कायद्यातही आठवड्याच्या सुटीस स्थान मिळाले. ज्यांनी ती मागितली ते काही कामचुकार नव्हते. चिखलदऱ्याची गोष्टही आठवावी. साहेब लोक वऱ्हाडच्या उन्हाळ्यातून निघून त्या डोंगरावर जात. त्यास हवापालट म्हणत. निंबाखाली पडणाऱ्या मजुरास मात्र निराळा शब्द राखून ठेवला होता.

उपदेशक बंधूंनी १ राजे १९ हा अध्याय सावकाश वाचावा. कर्मेलावरील मोठ्या विजयानंतर एलीया रानात पळाला व रतामाच्या झुडपाखाली मरण मागून निजला. देवदूताने त्यास दोषही दिला नाही व बोधही केला नाही. त्याने त्यास भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातले. तू येथे काय करितोस, हा प्रश्न चाळीस दिवसांनी होरेबावर विचारला गेला. प्रभू येशूही वादळात तारवाच्या मागील बाजूस उशी घेऊन निजला होता. आणि फेरी करून आलेल्या शिष्यांस जेवायलाही सवड नाही असे पाहून त्याने त्यांस एकांती नेले (मार्क ६). तेथेही लोकसमुदाय आधीच पोहोचला होता, व तो विसावा अपुराच राहिला, हे खरे. पण तो देण्याचे त्याच्या मनात होते.

येथे कोणी नीतिसूत्रांतील मुंगीचा दाखला देईल. तो दाखला आळशाला दिलेला आहे. ज्याचे हात दिवसभर पऱ्हाटीच्या बोंडांनी ओरबाडले आहेत, त्याच्यापुढे तो वाचणे म्हणजे तापकऱ्यास उपासाचा बोध करणे होय.

मंडळ्यांत दोन-तीन प्रश्न निघतात. रोजंदारीची बहीण रविवारी वेचणीस गेली तर? तिचा रोज बुडाला तर चूल पेटत नाही. तिला दोष लावू नये. दोष विचारायचाच असेल तर ज्यांच्याकडे शेत आहे व जे मजूर लावतात, त्या आपल्याच मंडळीतील बांधवांस विचारावा. उपदेशकाचा रविवार तर सर्वांत कष्टाचा. त्याने सोमवार धरावा, आणि तो दुपारी निजलेला दिसला तर कोणी थट्टा करू नये. बहिणींकरिता पाणी व सरपण शनिवारी संध्याकाळीच घरात आणून ठेवावे, आणि उपासनेहून आल्यावर चूल पुरुषांनी पेटवावी. ज्वारीची भाकर थापणे साधत नसेल, तर खिचडी तरी साधेलच.