भिजलेली सहल

इंग्लंडातील ऑक्सफर्ड या विद्यानगरीत क्राइस्ट चर्च नावाचे एक जुने महाविद्यालय आहे. तेथे चार्ल्स डॉजसन नावाचे एक तरुण गृहस्थ गणित शिकवीत असत. गणिताचा अध्यापक म्हणजे रुक्षच असावयाचा, अशी पुष्कळांची समजूत असते. डॉजसन तसे नव्हते. महाविद्यालयाचे प्रमुख हेन्री लिडेल यांच्या तीन मुली, १३ वर्षांची लोरिना, १० वर्षांची ॲलिस व ८ वर्षांची ईडिथ, यांच्याशी त्यांची गट्टी जमली होती. या मुलींना नावेत बसवून टेम्स नदीवर फिरावयास नेणे त्यांस फार आवडे.

१७ जून १८६२ रोजी असाच बेत ठरला. या खेपेस मंडळी अधिक होती. डॉजसन यांच्या दोन बहिणी व मावशी पाहुण्या आल्या होत्या. रॉबिन्सन डकवर्थ हे स्नेहीही बरोबर होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास नाव निघाली. प्रवाहाबरोबर जावयाचे असल्याने दोनच्या सुमारास मंडळी नूनहॅम येथे पोहोचली. जेवणे झाली, तेथील उपवनात हिंडणे झाले आणि साडेचारच्या सुमारास सर्वजण परत फिरले.

नाव जेमतेम मैलभर आली असेल, तोच पावसाची झड सुरू झाली. काही वेळ सर्वांनी तो मारा सोसला; पण पाऊस हटेना. लोकांच्या मुली आपल्या भरवशावर आलेल्या आणि उघड्या नावेत त्या चिंब होत आहेत, हे पाहून डॉजसन यांनी नाव सोडून पायी जाण्याचे ठरविले. वाट तीन मैलांची होती. वडील मंडळींना भराभर चालवेना, तेव्हा मुलींना घेऊन ते पुढे झाले. सँडफर्ड गावात त्यांच्या ओळखीचे एकच घर होते. तेथील बाईंच्या स्वाधीन मुलींना केले, त्यांचे कपडे वाळविण्याची सोय लावली आणि स्वतः गाडी शोधावयास निघाले. गावात एकही गाडी मिळाली नाही! अखेर मागची मंडळी येऊन पोहोचल्यावर ते व डकवर्थ तसेच ओलेत्याने इफ्ली गावापर्यंत चालत गेले आणि तेथून त्यांनी भाड्याची घोडागाडी धाडली.

पुढे ४ जुलैस मुलींना घेऊन डॉजसन व डकवर्थ पुन्हा नदीवर गेले. या दिवशी ॲलिसच्या आग्रहावरून डॉजसन यांनी एक गोष्ट रचून सांगितली. ती त्यांनी मागाहून स्वहस्ते लिहून व चित्रे काढून १८६४ मध्ये ॲलिसला भेट दिली. त्या गोष्टीतली ॲलिस स्वतःच्याच आसवांच्या तळ्यात पडते. तिच्याबरोबर पशुपक्षीही भिजतात. त्यांत लोरी नावाचा पोपट म्हणजे लोरिना, गरुडाचे पिल्लू म्हणजे ईडिथ. डकवर्थ यांच्या नावाचा पूर्वार्ध इंग्रजीत बदकाचा वाचक आहे, म्हणून ते बदक झाले. आणि डोडो पक्षी म्हणजे खुद्द डॉजसन! बोलताना ते अडखळत. त्यामुळे आपले नाव ‘डो-डो-डॉजसन’ असे उच्चारीत, असे सांगतात. हस्तलिखितातला डोडो म्हणतो की, जवळच एक घर मला ठाऊक आहे, तेथे जाऊन अंग वाळवू. आणि मुलींना घेऊन तो पुढे होतो. सँडफर्डची ती संध्याकाळ तीच!

१८६५ मध्ये हे पुस्तक लुइस कॅरल या टोपणनावाने छापले गेले. त्यात मात्र ते घर नाही. जे त्या पावसात भिजले नव्हते, त्यांना त्यातील गंमत कशी कळावी? म्हणून लेखकाने तेथे एक अजब शर्यत घातली: सर्वांनी वाटेल तेव्हा सुटावे, वाटेल तेव्हा थांबावे, आणि शेवटी बक्षीस सर्वांनाच! बदल योग्यच झाला. ती शर्यत आज जगभरची मुले हसत वाचतात.

मूळ हस्तलिखिताची हुबेहूब प्रत १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील एक प्रत डॉजसन यांनी आपल्या जुन्या स्नेह्यास पाठविली. तीवर त्यांनी लिहिले होते की, ही भेट डोडोकडून बदकास.