संगणकातील फेरफार आणि परतीची वाट

सातबारा उताऱ्यावर नवे नाव चढते, तेव्हा जुने नाव पुसून टाकले जात नाही. त्यास कंस केला जातो आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. बदल कोणत्या कारणाने व कोणाच्या मंजुरीने झाला, हे त्या क्रमांकावरून अनेक वर्षांनंतरही शोधता येते. कार्यालयातील संगणक सांभाळणाऱ्यांनी हीच शिस्त अंगी बाणवावयास हवी.

संगणकाने कोणत्या जाळ्याशी जोडून घ्यावे, माहिती कोठे साठवावी, कोणास प्रवेश द्यावा, हे सारे कॉन्फिगरेशन फाइलींत लिहिलेले असते. तेथे एखादे चिन्ह चुकले तरी सेवा बंद पडू शकते आणि दाखल्यासाठी तालुक्याला आलेल्या नागरिकास रिकाम्या हाताने परतावे लागते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. मुंबई विमानतळावरही प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. परंतु जे संगणक तत्पूर्वीच कोलमडले होते, त्यांपैकी असंख्य यंत्रे एकेक करून दुरुस्त करावी लागली. परतीची वाट बदल करण्यापूर्वीच आखली पाहिजे, हा यातील बोध होय.

त्यासाठी पुढील पाच गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. प्रत : मूळ फाइलीची प्रत दिनांकासह जतन करावी. दुसरी प्रत अन्य इमारतीत असावी. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी एकाच खोलीतील दोन प्रती निरुपयोगी ठरतात.

२. नोंद : बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला हे लिहावे. 'गिट' ही विनामूल्य प्रणाली प्रत्येक बदलाचा इतिहास राखते. एका वेळी एकच बदल करावा.

३. तपासणी : लिनक्समधील 'व्हिसुडो' ही आज्ञा अधिकारांची फाइल जतन होण्यापूर्वी तिची रचना तपासते. मात्र रचना बिनचूक असली तरी आशय चुकीचा असू शकतो. म्हणून बदल प्रथम एकाच संगणकावर करून पाहावा.

४. मुदत : रत्नागिरीत बसून मंडणगडच्या संगणकाची जोडणी बदलताना चूक झाली, तर दुरुस्तीचा मार्गच तुटतो आणि भर पावसात तेथवर जावे लागते. उबुंटू प्रणालीतील 'नेटप्लॅन ट्राय' ही आज्ञा अशा वेळी उपयोगी पडते. १२० सेकंदांत संमती न मिळाल्यास ती जुनी जोडणी आपोआप पूर्ववत करते.

५. सराव : जतन केलेली प्रत परत बसवून पाहण्याचा सराव अधूनमधून करावा. जी प्रत कधीही बसवून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते.

या पाच गोष्टींस खर्च फारसा येत नाही. नेमस्तपणा मात्र लागतो. चावडीच्या दप्तराने तो पिढ्यान्‌पिढ्या जपला. संगणकाच्या दप्तरासही तो तितकाच आवश्यक आहे.