मिरचीच्या रोपाला ऊन लागते तेव्हा

आपल्याकडे हंगाम संपला की मिरचीचे रोप उपटून टाकतात. त्यामुळे मिरची एकाच हंगामापुरती जगते, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक उबदार हवेत ती काही वर्षे जगू शकते. कॅनडासारख्या देशात मात्र पाणी गोठविणाऱ्या थंडीत ती मरते. म्हणून तेथील हौशी लोक हिवाळ्यात कुंडी घरात ठेवतात आणि वसंतात बाहेर काढतात. आता रोप तरारेल, असे त्यांना वाटते. पण दोन-तीन दिवसांतच पाने पांढुरकी पडतात, कडा वाळतात. उन्हावर वाढणारे झाड उन्हानेच का करपावे?

भर दुपारी मोकळ्यावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. घरात, खिडकीपासून दूर, तो काही शे लक्सच भरतो. मंद प्रकाशात वाढलेली पाने पातळ असतात. एकदम उन्हात नेल्यावर त्यांतील हरितद्रव्य भरपूर प्रकाश शोषते. परंतु तेवढी ऊर्जा पानाला वापरता येत नाही. उरलेल्या ऊर्जेमुळे ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात आणि ती हरितद्रव्याचाच नाश करतात. त्यात वाऱ्याने बाष्पोच्छ्वासही वाढतो.

मग करावे काय?

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. पण तेवढ्यावरून रोप मेले असे समजू नका. खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर रोप जिवंत आहे. कुंडी सावलीत ठेवा. पाने कमी असल्याने पाणीही कमी लागते. मातीचा वरचा थर सुकल्यावरच ते घाला. नवी पालवी फुटेपर्यंत खत देऊ नका. पानांच्या बेचक्यांतील कळ्यांतून नवी पाने फुटतील. मग पहिल्या दिवशी तासभर कोवळे ऊन द्या व रोज थोडे वाढवीत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात आणा. रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसखाली जाणार असेल, तर कुंडी आत घ्या.

करून पाहा

मिरचीची सारखी दोन रोपे तीन आठवडे खोलीत ठेवा. नंतर एक एकदम उन्हात न्या. दुसरे वरीलप्रमाणे क्रमाक्रमाने न्या. दोन्हींच्या मातीत ओल सारखी राखा. डाग पडलेली पाने रोज मोजून वहीत मांडा. महिन्याने एकाच रोपावरील जुने व नवे पान बोटांत धरून जाडी ताडून पाहा. रोप एकच, मग पाने निराळी का? याचे उत्तर आता तुम्हीच वर्गात सांगा.