खानवेलच्या वर्गावर जाणाऱ्या भाचीस



दादरा नगर हवेलीतल्या खानवेलच्या मराठी शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षिकेने पहिल्याच सत्रात पाहावा असा चित्रपट म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ (२००२). गुणांच्या उतरंडीने तुकड्या पाडणाऱ्या शाळेत ‘फ’ ही तळाची तुकडी असते. तिच्यातली मुले ‘ढ’ आणि वांड ठरवलेली, बहुतेक गरीब घरांतली असतात आणि अपमानाने पेटून ती शाळेची प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेले देशमुख सर मुलांच्या कृत्यावर पांघरूण घालत नाहीत. फोडलेले सामान स्वतःच्या कष्टाच्या पैशातून पुन्हा उभे करण्याचा मार्ग ते त्यांच्यापुढे ठेवतात आणि त्या कामात त्यांच्यासोबत राहतात. या प्रसंगाचे मोल फार मोठे आहे, कारण माया अनेक चित्रपटांतल्या शिक्षकांकडे असते, परंतु ज्याच्याकडे भरपाई मागितली जाते त्या मुलाला शाळेने आपल्यातला मानलेले असते, ही जाण क्वचितच दिसते.

‘तारे जमीन पर’ (२००७) या अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या हिंदी चित्रपटातल्या ईशानची अडचण निराळी आहे. ती वाचन-अक्षमतेची, म्हणजे बुद्धी शाबूत असूनही अक्षर आणि ध्वनी यांची सांगड सहज न बसण्याची आहे. त्याचे शिक्षक निकुंभ सर त्याच्या वह्या चाळतात, त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होत आहेत हे हेरतात आणि मगच पालकांकडे जातात. शिक्षिकेने शिकावी ती हीच रीत. शेवटचे चित्रकलेचे बक्षीस मात्र प्रेक्षकाच्या समाधानासाठी आहे, कारण कोणतेही बक्षीस न मिळवणाऱ्या मुलालाही वाचता यायला हवे. अशा अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यता दिली आहे, हे पालकांना समजावून सांगणे शाळेचेच काम ठरते.

खानवेल परिसरात मात्र वांडपणा आणि वाचन-अक्षमता या दोहोंच्या आधी भाषा तपासावी लागते. दादरा नगर हवेलीत वारली, कोकणा, धोडिया या जमातींची वस्ती मोठी आहे. वारली मुलाच्या घरची बोली पाठ्यपुस्तकातल्या प्रमाण मराठीहून, म्हणजे छापील व्यवहारासाठी ठरलेल्या मराठीहून, बरीच वेगळी असते. शिवाय बाजारात गुजराती आणि सिल्वासाच्या कारखान्यांत हिंदी त्याच्या कानावर पडते. म्हणून प्रश्नाला उत्तर न देणारे मूल हट्टी आहे असे ठरवण्यापूर्वी तोच प्रश्न त्याच्या बोलीत, गरज पडल्यास शेजारच्या बाकावरच्या मुलाकडून, विचारून पाहावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवण्याची अपेक्षा आहे आणि तिच्यासाठी वेगळ्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. तसेच आवणीच्या, म्हणजे भाताची रोपे लावण्याच्या, दिवसांत हजेरीपटावर रिकाम्या राहणाऱ्या जागांना उनाडपणा म्हणणे हा त्या घरांवर अन्याय होईल.

त्याच कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. कायदा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे आणि दहावीतला मुलगा बहुधा त्या मर्यादेबाहेर गेलेला असतो. तरीही चारचौघांत केलेला त्याचा पाणउतारा तेवढाच निषिद्ध मानावा, कारण त्या वयात तो अधिक खोल रुततो.

वर्गात काही मोडले-फुटले तर दंड मागू नये. तो दंड बापाच्या एका दिवसाच्या मजुरीतून भरला जातो आणि मुलाच्या हातून काहीच घडत नाही. दुरुस्ती मुलाने स्वतःच्या हातांनी करावी आणि शिक्षिकेने त्या वेळी तेथे थांबून हातभार लावावा. त्याआधी मुख्याध्यापकांशी बोलून एवढे मात्र पक्के करून घ्यावे की, दुरुस्ती पूर्ण झाल्यावर तो प्रसंग पुढच्या वर्गशिक्षकाच्या कानावर घातला जाणार नाही.



मामा