गीता ७.११ : इच्छा माझी, आणि इच्छा तिचीही



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ७ (ज्ञानविज्ञानयोग), श्लोक ११.

काल दहाव्या श्लोकात आपण पाहिलं की बुद्धिमानांच्या बुद्धीत आणि तेजस्वींच्या तेजात भगवंत स्वतःला दाखवतात. आजच्या श्लोकात ते अजून दोन जागा सांगतात. पहिली जागा बलवानांचं बळ. पण कसलंही बळ नाही, काम आणि राग या दोन्हींपासून मोकळं असलेलं. दुसरी जागा ऐकून मात्र आपण दचकतो, कारण ती आहे काम. प्राणिमात्रांमधला, धर्माच्या विरोधात न जाणारा काम.

इथे कोणीही अडखळेल. तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने विचारलं होतं की इच्छा नसताना माणूस पाप का करतो, जणू कोणीतरी ढकलतंय असं? उत्तर होतं काम आणि क्रोध, रजोगुणातून जन्मलेले, हेच वैरी. पुढे सोळाव्या अध्यायात नरकाची तीन दारं येतात, त्यातही पहिलं नाव कामाचंच. मग इथे तोच काम देवाचं रूप कसा झाला?

आधी शब्द नीट समजून घेऊ. इथला ‘राग’ म्हणजे आपला मराठीतला संताप नव्हे. शंकराचार्य भाष्यात फरक सांगतात : जे आपल्यापाशी नाही त्याची तहान म्हणजे काम, आणि जे मिळालंय त्यात रंगून जाणं म्हणजे राग. धर्माला धरून असलेल्या कामाचं उदाहरण ते अगदी साधं देतात. देह टिकावा म्हणून खाणं-पिणं. म्हणजे भूक लागणं हासुद्धा काम, आणि तो निषिद्ध नाही. काहीतरी हवंसं वाटणं हा गुन्हा नाहीच. ते हवंसं वाटणं कोणत्या वाटेने चाललंय, एवढंच बघायचं.

माउलींनी ज्ञानेश्वरीत या श्लोकावर वाटेचंच चित्र उभं केलंय. हा काम आडवाट सोडून विधीच्या वाटेला लागतो आणि नियमाचा दिवटा त्याच्या सोबत चालतो. दिवटा म्हणजे मशाल. रात्री घाट उतरणाऱ्याला कोणी ‘चालू नकोस’ म्हणत नाही. ‘उजेड घेऊन जा’ म्हणतं.

हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी कळायला उशीर झाला. कसा ते सांगतो, त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

चार वर्षांपूर्वी मला आळंदी ते पंढरपूर अख्खी वारी चालायची होती. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ तीन आठवडे. वर्षभर रजा साठवली. मॅनेजरला जानेवारीतच सांगून ठेवलं. दर शनिवारी सिंहगड चढून पायांना सवय लावली. आमचे बाबा साताऱ्याला ताईकडे असतात, त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. मे महिन्यात ताईचा फोन आला, “जूनमध्ये दोनेक आठवडे येशील का रे बाबांजवळ?”

मी म्हटलं, “ताई, वारी आहे गं. माउलींचं बोलावणं आलंय, नाही कसं म्हणू?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बरं, जा. जपून जा.”

मी गेलो. दिवे घाट चढलो, जेजुरीत भंडारा कपाळाला लागला, वाखरीचं रिंगण डोळे भरून पाहिलं. चंद्रभागेत स्नान झालं, कळसाचं दर्शन झालं. प्रसाद घेऊन थेट सातारा गाठलं. दारातच भाची म्हणाली, “मामा, आईचं ऑपरेशन आता दिवाळीत.”

कसलं ऑपरेशन? ताईच्या पित्ताशयात खडे झाले होते. डॉक्टरांनी जूनची तारीख दिली होती. भावोजी नोकरीसाठी बाहेरगावी, बाबांना डायलिसिसला नेणारं दुसरं कोणी नाही, म्हणून तिने तारीख पुढे ढकलली. मधेमधे कळ यायची, ती गोळ्यांवर काढली. मी चिडलो. “मला सांगायचं ना!” ताई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कशासाठी येऊ, हे तू विचारलंच नाहीस.”

त्या वाक्यापाशी मी अजूनही थांबतो. मी खोटं बोललो नव्हतो. वारीला जाण्यात अधर्म काहीच नव्हता. इच्छा चांगलीच होती, पण तिची किंमत कोण मोजतंय हे मी पाहिलं नव्हतं. आणि मी कोणाच्या ओढीने गेलो होतो? पुंडलिकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तो आई-वडिलांच्या सेवेत होता, देव दारात आला, तर त्याने वीट पुढे टाकली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला. त्या विटेच्या ओढीने मी अडीचशे किलोमीटर चाललो, आणि माझ्या वाटची सेवा आजारी बहिणीवर टाकून चाललो.

त्यानंतर कधीतरी हाच श्लोक पुन्हा वाचताना एका शब्दावर बोट थांबलं : भूतेषु. सप्तमीचं बहुवचन आहे. प्राण्यांमध्ये, सगळ्यांमध्ये. भगवंत अर्जुनाला ‘तुझ्यातली इच्छा मी’ असं सांगत नाहीयेत, ते सगळ्यांबद्दल बोलतायत. मग ताईला आपलं दुखणं संपावं असं वाटणं, बाबांना मुलाने चार दिवस जवळ बसावं असं वाटणं, यातही तोच आहे. मी माझ्या इच्छेत देव बघितला आणि तिच्या इच्छेत अडथळा.

धर्म शब्दाचा मूळ धातू ‘धृ’, म्हणजे धारण करणं, धरून ठेवणं. एका घरात पाच माणसं असतील तर पाचांच्या इच्छा असतात. त्या सगळ्यांना एका छपराखाली उभं राहता येईल असं जे धरून ठेवतं, तो त्या घरापुरता धर्म. माझी इच्छा उभी राहताना दुसऱ्याची खाली बसते का, हे बघणं म्हणजे हातात दिवटा घेणं.

इथे बुद्धीची एक गंमत आहे, जपायला हवं. तिसऱ्या अध्यायात (३.४०) कामाची घरं सांगितली आहेत : इंद्रियं, मन आणि बुद्धी. बुद्धीसुद्धा! म्हणजे जिच्यावर आपण निवाड्याचं काम सोपवतो, तीच कधीकधी कामाचं वकीलपत्र घेऊन उभी राहते. ‘माउलींचं बोलावणं’ हा माझ्या वकिलाचा युक्तिवाद होता. ‘मला जायचंय’ एवढंच म्हटलं असतं तर ताईशी बोलणं तरी पुढे गेलं असतं. देवाचं नाव मधे आणलं आणि तिचं तोंड बंद झालं.

बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सुरू होतात तीच मुळी कोणाचा द्वेष नसणं, मैत्री आणि करुणा यांनी. त्या मे महिन्यात माझ्यात थोडं जास्त प्रेम असतं तर ताईचं ते गप्प राहणं मला ऐकू आलं असतं. बुद्धी ठिकाणावर असती तर मी ‘कशासाठी?’ विचारलं असतं. आणि मग कर्तव्याने साताऱ्याचं तिकीट काढलं असतं.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तीच जास्त टोचते. घरी ‘कर्तव्य’ हा शब्द ब्रेकसारखा वापरला जातो. मुलीला पुढे शिकायचंय, कोणाला नोकरी सोडून वेगळं काही करायचंय, कोणाला आपल्या पसंतीने लग्न करायचंय. उत्तर ठरलेलं : आमचा काही विचार आहे की नाही? अशा वेळी पहिला अध्याय आठवा. अर्जुनही कुळाचं आणि नात्यांचंच नाव घेऊन धनुष्य खाली ठेवतो. त्याचे युक्तिवाद ऐकायला किती जबाबदार वाटतात! तरी श्रीकृष्ण ते जसेच्या तसे मान्य करत नाहीत. म्हणजे ‘घरच्यांसाठी’ असं लेबल लावलं की धर्म झाला, असं गीता म्हणत नाही. ताईचं दुखणं ही एका माणसाची खरी गरज होती. ‘लोक काय म्हणतील’ ही कोणा एका माणसाची गरज नसते. दोन्हींचं वजन सारखं धरायचं नाही. आणि सगळ्या इच्छा मारून टाकून आतून कुढत केलेली सेवा समोरच्याला कळतेच, तीही त्याला ओझंच होते.

पुढे काय झालं तेही सांगतो. दिवाळीत पंधरा दिवस साताऱ्याला राहिलो, ताईचं ऑपरेशन नीट पार पडलं. नंतर एकदा तिला विचारलं, “ताई, तुला काय हवंय?” ती हसली. म्हणाली, “मलाही एकदा चालायचंय रे. पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते आणि मी टीव्हीवर बघते.”

इतक्या वर्षांत हे मला माहीतच नव्हतं!

पुढच्या वर्षी मी पुणे ते सासवड एवढा एकच टप्पा चाललो आणि साताऱ्याला गेलो. ताई लोणंद ते फलटण चालली. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं तेव्हा मी बाबांच्या डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसलो होतो. मोबाईलवर तिचा फोटो आला, कपाळाला बुक्का, चेहरा उन्हाने लाल. खोटं कशाला बोलू, पोटात कालवलं. मला तिथे असायचं होतं. अख्खी वारी पुन्हा चालायची इच्छा आजही तेवढीच आहे. बाबांना फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “चपला चांगल्या घातल्यात ना तिने?”

आजचा अभ्यास

ऑफिसमध्ये प्रोडक्शनवर छोटासा बदल टाकायचा असला तरी आपण चेंज रिक्वेस्ट भरतो. त्यात एक रकाना असतो : याचा परिणाम कोणावर होईल? मी तो रकाना वर्षानुवर्षं ऑफिसात भरला, घरी कधीच नाही. आज आपण घरचा भरू.

मनातली एक इच्छा घ्या. मोठीच हवी असं नाही, सकाळी तासभर दार लावून जपाला बसायची इच्छासुद्धा चालेल. त्या तासात चहा कोण करतं, मुलाला शाळेसाठी कोण तयार करतं, ते लिहा. मग त्या माणसाजवळ जाऊन बसा. परवानगी मागायची घाई करू नका, देवाचं नावही मधे आणू नका. “तुला काय हवंय?” एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कधी तुमची इच्छा अर्धी करावी लागेल, कधी पुढे ढकलावी लागेल. आणि कधी समोरचा म्हणेल, “अरे जा की, मला काहीच अडचण नाही.” मग खुशाल जा, मनात खंत न ठेवता.

पांडुरंगा, आम्हाला जे हवंय ते तुला ठाऊक आहे. आमच्या माणसांना काय हवंय, ते विचारायची बुद्धी दे.

उद्या श्लोक १२. राम कृष्ण हरी!