चाकाचा आउट मुलांना काढू द्या

पालकहो, सुट्टी लागली की मुलांच्या सायकली बाहेर निघतात आणि थोड्याच दिवसांत तक्रार येते, ‘ब्रेक घासतोय, चाक डुलतंय.’ सायकलवाले म्हणतात, चाकाला आउट आलाय. आपण सायकल दुकानात टाकतो, संध्याकाळी पैसे देऊन घेऊन येतो, विषय संपतो. यंदा तो असा संपवू नका. दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुला-मुलींना आउट घरीच काढू द्या आणि तुम्ही शेजारी बसा.

चाक कसं उभं राहतं हे कळलं, की निम्मी भीती जाते. सायकलची रिम आऱ्यांनी सगळीकडून आत ओढून धरलेली असते. हबच्या डाव्या बाजूचे आरे तिला डावीकडे खेचतात, उजवीकडचे उजवीकडे. दोन्ही ओढी तुल्यबळ असतात तोवर रिम मध्ये राहते. आपल्या जुन्या काळ्या उंच सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असायचे. बसणाऱ्याचा आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचा जास्त भार मागच्या चाकावर, म्हणून तिथे आरेही जास्त. खड्ड्यात आपटून किंवा वापराने एका बाजूचे दोन-तीन आरे ढिले झाले, की दुसऱ्या बाजूचे आरे रिमला आपल्याकडे ओढून घेतात. हाच तो आउट. पण हे मुलांना आधी सांगू नका. आरे मोजायला लावा, कोणता आरा हबच्या कोणत्या बाजूने निघालाय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. पुढचं त्यांचं त्यांना दिसतं.

सामान फारसं लागत नाही. आऱ्याचं टोक रिमपाशी धरून ठेवणारं छोटं नट म्हणजे निपल. त्याच्या मापाची आऱ्यांची चावी सायकलच्या दुकानात मिळते. ती निपलवर घट्ट बसली पाहिजे, नाहीतर निपलचे कोपरे झिजतात आणि मग कोणतीच चावी धरत नाही. निपल गंजली असतील तर आदल्या रात्री प्रत्येकावर तेलाचा एकेक थेंब सोडा. खाली जुनं पोतं अंथरून सायकल हँडल आणि सीटवर उलटी उभी करा. आधी रिम धरून चाक आडवं हलवून पाहा. ते हबपाशीच खडखडत असेल तर दोष छऱ्यांचा आहे. आरा तुटला असेल तर तो आधी बदलायला हवा, आणि रिमच चेपली असेल तर आरे ओढून ती सरळ होणार नाही. ही कामं दुकानातलीच.

आता चाक सावकाश फिरवा. रिम कोणत्या ब्रेकरबराला कुठे घासते ते ऐकू येतं. तिथे खडूची खूण करा. डिस्क ब्रेक असेल तर चिमट्याला एक काडी बांधा, तिचं टोक रिमच्या अगदी जवळ आणा आणि अंतर पाहा. डिस्कजवळ बोटं नेऊ नका. समजा रिम डावीकडे घासते. खुणेपाशी हबच्या उजव्या बाजूने आलेला आरा पाव फेरा आवळायचा, शेजारचा डावा आरा पाव फेरा सैल करायचा. टायरच्या बाजूने निपलकडे पाहिलं, तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर आरा आवळतो. मग पुन्हा चाक फिरवून बघायचं. नेहमीच्या २ मिलिमीटर जाडीच्या आऱ्यावर निपल एका पूर्ण फेऱ्यात अर्धा मिलिमीटरही सरकत नाही, तरी तेवढ्याने रिमची जागा बदलते. म्हणून पाव फेरा हा नियम पाळायचाच.

आरे बोटाने छेडायला सांगा. तंबोऱ्याच्या तारेसारखा आवाज येतो. आवळलेला आरा उंच बोलतो, ढिला आरा बद्द. फक्त एकाच बाजूच्या आऱ्यांचा आवाज एकमेकांशी ताडून पाहा. मागच्या चाकात चेनच्या बाजूचे आरे मुळातच जास्त ताणलेले असतात.

खरी परीक्षा तुमची आहे. मूल अधीर होऊन पूर्ण फेरा फिरवेल, रिम दुसरीकडे पळेल, त्याचा चेहरा पडेल आणि तुमचा हात चावीकडे जाईल. तो आवरा. जेवढं फिरवलं तेवढं उलटं फिरवलं की चाक आधीच्या जागी येतं. ‘आता कुठे घासतंय?’ एवढंच विचारा. शाळेत, क्लासमध्ये, घरीसुद्धा मुलांची चूक बहुतेक वेळा मोठ्या माणसाने दाखवलेली असते. इथे ती ब्रेकच्या रबराजवळ त्यांना स्वतःला ऐकू येते, आणि दुरुस्त झाली हेही कुणी सांगावं लागत नाही. हातात पेनापेक्षा जड काही न धरलेल्या मुलांना आपण आणखी किती काळ नुसतं ‘एकाग्र हो’ म्हणत राहणार? रिम आणि रबर यांमधल्या केसभर फटीवर नजर ठेवताना एकाग्रता आपोआप येते.

मुलींना यातून वगळू नका. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना राज्यात सायकली मिळतात, कारण शाळा लांब असते. अशा मुलीची सायकल बंद पडली तर शाळा बुडू शकते. चावी चालवणारा हात तिचाच असला, तर तिला कुणाच्या सवडीची वाट पाहावी लागणार नाही.

रिम दोन्ही रबरांमधून न घासता फिरू लागली की थांबा. चाक अगदी तंतोतंत सरळ असायची गरज नाही. दोन्ही ब्रेक दाबून तपासा, पहिली फेरी घराजवळच मारू द्या आणि काही दिवसांनी आरे पुन्हा छेडून पाहा.

एका दुपारी नाहीच जमलं, तर चाक खुशाल दुकानात न्या. पण मुलाला बरोबर न्या आणि कारागिराला विचारा, ‘याला शेजारी बसून बघू द्याल का?’ आधी स्वतः झगडलेल्या मुलाला त्या हातांचं कसब नेमकं कशात आहे ते दिसतं, आणि अशा कामाची मजुरी देताना घासाघीस करू नये हेही समजतं.